वनमालानं इंडेक्स बदलला तेव्हा

मरोळच्या पंपांच्या कारखान्यात वनमालाला चिकटवलं ते काशीरामकाकांनी. असल्फ्याच्या चाळीत दोघांची दारं समोरासमोर. गिरणीतली नोकरी सुटल्यावर काका या कारखान्याच्या कार्डखोलीत लागले होते. कुठला सुटा भाग कुठल्या फळीवर आहे, ते कार्डं चाळून सांगायचं, हे तिथलं काम.

सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आणि तो वनमालाच्या हाती दिला. पण भागाचं नाव टाकलं की मशीन असं काही गप्प बसायचं, की माणसं कंटाळून पुन्हा कार्डखोली गाठायची.

"तुझा मशीन अजून रखडता ना? रखडू दे गो बाय," काका हसत म्हणायचे. "तोवर आमची चूल पेटता."

वनमालाही हसायची. मग एक दिवस साहेबांनी बोलावून घेतलं. "हे सुधारलं नाही तर मशीन परत जाईल. मग तुमचंही काम नाही." घरी बाप नव्हता. नीला, धाकटी बहीण, अजून शाळेत.

ती मशीनचं पुस्तक उघडून बसली. इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, भागांच्या नंबरांवर बांधलेली होती. आणि नंबर पाठ होते कुणाला? नावानं विचारलं की मशीन पहिल्या नोंदीपासून सगळं वाचत सुटायचं. तिनं नावावर इंडेक्स बांधला, कुणी न वापरलेले दोन काढून टाकले. 'वॉशर' असं टाइप करून पाहिलं. उत्तर लगेच पडद्यावर! आनंदानं तिनं टाळी वाजवली, आणि मग तिची नजर कार्डखोलीच्या दाराकडे गेली.

दिवाळीआधीच कार्डखोलीला कुलूप लागलं. काकांसकट सगळे घरी. युनियनवाले थोडे दिवस गेटवर ओरडले, मग तेही थंडावले.

वनमाला काकांच्या दारात गेली. "काका, मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी..."

"गप गो. माका ठाव असा." ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

विमलाकाकू मात्र दारातच उभ्या राहिल्या. "तुझ्या नोकरीसाठी हे सायबाच्या पाया पडलेले, वनू. आता हंय येव नको."

शिमग्याला दोघांनी खोली विकली आणि गावची वाट धरली. हातगाडीवर सामान चढत होतं. वनमालानं पुढे होऊन ट्रंकेची कडी धरली. काकूंनी तिची बोटं एकेक करून सोडवली.