बाबांनी बांधलेला झेंडा

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडा मी फडकवावा, असं आमच्या भांडुपच्या चाळीने ठरवलं. कारण एवढंच, की चाळीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. मला ते जरा जास्तच वाटलं. कॉलेजात तर मी मागच्या बाकावर बसून तोंडही उघडत नव्हते. तरी हो म्हटलं आणि एक अट घातली. झेंडा बाबांनी बांधायचा.

अटीमागचं कारण मी कोणाला सांगितलं नाही. संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तेव्हापासून ते चाळीत कोणासमोर बसेनासे झाले होते. नळावर पाणी भरायलासुद्धा सगळ्यांच्या आधी उठून जायचे. काही काम दिलं तर ते बाहेर येतील, असं मला वाटलं.

"मी कशाला? कमिटीतली माणसं आहेत ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही तर मीही नाही."

 पण पंधरा ऑगस्टला सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्याआधी पटांगणात गेले. झेंड्याची घडी घातली, आत झेंडूच्या पाकळ्या भरल्या, दोरी बांधली आणि झेंडा वर चढवला. मी लांबून त्यांची बोटं बघत होते. किती भरभर चालत होती!

सगळे सावधान उभे राहिले. मी दोरी ओढली. काहीच झालं नाही. परत ओढली. वर नुसतं गाठोडं हललं.

मागून शेजारचे आजोबा ओरडले, "रे, झेंडो बांधलंस की म्हशीक?"

सगळं पटांगण हसलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांची मान खाली गेली होती. आता हे घरात जातील आणि परत कधी बाहेर येणार नाहीत, असं मला वाटलं. ही अट मीच घातली होती. मी घाईने म्हटलं, "माझंच चुकलं. मला ओढता आलं नाही."

"नाही गं," बाबा पुढे आले. "गाठ माझी आहे. सुरगाठ मारायची होती. हाताने साच्यावरची मारली."

वीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेले धागे जोडलेला माणूस. ती गाठ सुटू नये म्हणूनच मारायची असते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी झेंडा खाली घेतला. नखांनी गाठ सोडवायला बराच वेळ लागला. आता कोणी हसत नव्हतं. आजोबाही एके काळचे गिरणीतलेच. ते जवळ आले आणि वाकून बघत म्हणाले, "हात काय इसारलो नाय हां तुझो."

"नाय ना," बाबा म्हणाले. घरात आईशी ते मालवणी बोलत, पण कितीतरी दिवसांनी मी त्यांना बाहेरच्या कोणाशी तसं बोलताना ऐकलं.

मग बाबांनी सुरगाठ मारून झेंडा पुन्हा वर चढवला. या वेळी मी दोरी नुसती धरली तरी गाठ सुटली. पाकळ्या माझ्या केसांत पडल्या. मग राष्ट्रगीत झालं.

खाऊ वाटून झाल्यावर मी घरी गेले. आईने चहा गाळला होता.

"बाबा कुठे?"

"खाली आहेत. आजोबांना ती गाठ दाखवतायत."

आईने दारातून एकदा वाकून बघितलं. मग बाबांच्या कपावर बशी झाकून ठेवली. हाक काही मारली नाही.