माणूस खांबावर हाय

परवा घरातला मिक्सर जळाला आणि त्या वासानं मला तेलगावकडच्या एका वीज उपकेंद्रात नेलं. मी तिथं ऑपरेटर होते. एकदा भर दुपारी साहेबांचा फोन आला, "मंत्र्यांची सभा सुरू होतेय, लाईन चालू करा."

दुरुस्तीसाठी लाईन बंद ठेवली होती आणि आमचे लाईनमन शेखभाई अजून खांबावर होते.

"साहेब, माणूस वर हाय. उतरल्याबिगर न्हाई करणार."

"नोकरी करायची का न्हाई?"

मी रिसीव्हर खाली ठेवला, पण लाईन चालू केली नाही. शेवटी शेखभाईंचा फोन आला, "ताई, उतरलो."

लगेचच माझी बदली झाली. निघाले त्या दिवशी शेखभाई बायको-लेकरांना घेऊन बसस्टँडवर आले. तेव्हा तो साधा निरोप वाटला. बायको-लेकरांना आणून ते मला काय दाखवत होते, ते आता कळतं.