सलोमीबाईच्या ओळीतला हिरवा दोरा

"दीड महिन्याची तं ओळख," रंगराव म्हणाला, आणि सलोमीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सलोमीबाई चिखलीची. नवरा गेला तेव्हापासून दर वर्षी पावसाळा सरता सरता ती उंद्रीच्या बाजूला बीटी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. काम मोठं नाजूक. दुपारी कळ्या सोलून ठेवायच्या, सकाळी त्या उमलल्या की नराच्या फुलाचा पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. कपाशीचं फूल एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी गुलाबी पडून मिटतं. आजचं राहिलं ते राहिलंच. कुठल्या बाईच्या हातून किती बोंडं धरली ते कळावं म्हणून प्लॉटवाल्या रंगरावानं प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा दिला होता. स्वतःच्या या हुशारीचं त्याला भारी कौतुक. सलोमीबाईचा दोरा लाल, शेजारच्या ओळीतल्या जनकाबाईचा हिरवा.

जनकाबाई उंद्रीचीच, बौद्ध, यंदाच पहिल्यांदा भेटलेली. सकाळी ती "जय भीम" म्हणायची, ही "जय ख्रिस्त" म्हणायची, आणि मग दिवसभर दोघींच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"तुह्या येशूले म्हण, थोड्या कळ्या सोलू लाग," जनकाबाई चिडवायची.

"तो सुतार होता वं. त्याले कपाशीतलं काय कळते?"

हंगाम संपला की टोळी पांगते. पुढच्या वर्षी कोण कुठल्या वावरात, कोणास ठाऊक. अशी किती माणसं सलोमीबाईला मिळाली आणि गेली. देव देतोच कशाला मग, असं तिच्या मनात यायचं आणि ती स्वतःवरच चिडायची.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. "जाय बाप्पा तू प्रार्थनेले," जनकाबाई म्हणाली होती. "तुह्यी ओळ मी पाहीन."

त्याच पहाटे रंगरावानं बांधाकडच्या या दोन ओळींवर फवारा मारला. औषध सुकायची वाट पाहायला त्याला वेळ कुठला! फुलं थांबत नाहीत ना. माणूस कायमचा थांबला तर चालतो. आठ वाजता त्यानं जनकाबाईला त्या ओल्या झाडांत घातलं आणि आपण गावात निघून गेला. अकराच्या सुमारास तिला मळमळलं, तोंडातून लाळ गळायला लागली. तालुक्याला नेईपर्यंत संपली. आपण चर्चमध्ये भाकर घेत होतो तेव्हा ती तिथं राबत होती, हे सलोमीबाईला रात्रभर डाचत राहिलं.

सोमवारी हवालदार पंचनाम्याला यायच्या आधी रंगरावानं बायकांना पढवलं. जनकाबाई घरूनच आजारी आली, झाडाखाली बसून राहिली, ओळीत तिनं पायच ठेवला नाही. बायका माना खाली घालून उभ्या. पुढच्या हंगामाचं काम त्याच्याच हातात होतं. मग तो सलोमीबाईकडे वळला.

"तुम्ही तं तिथं नव्हत्याच. काऊन मधात पडता? ती नात्याची नाही, जातीची नाही, तुमच्या धर्माची नाही. दीड महिन्याची तं ओळख."

जन्मात तिनं कुठल्या मालकाला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

"आमच्या प्रभूच्या बाजूले क्रुसावर ज्या चोराले खिळलं होतं, त्याची अन् प्रभूची ओळख कितीक होती? अर्धा दिवस बी नाही. तरी प्रभू त्याले म्हणे, चाल माह्यासंगं. मले तं दीड महिना भेटला, रंगराव!"

हवालदार आला. रंगराव त्याला जनकाबाईच्या ओळीत घेऊन गेला. कालचं हिरव्या दोऱ्याचं एकही फूल तिथं नव्हतं. रंगरावानं सकाळीच सगळी खुडून टाकली होती. "पाहा साहेब, काल तिनं हात बी लावला नाही."

"आता माह्यी ओळ पाहा," सलोमीबाई म्हणाली.

तिच्या ओळीत, बांधापासून अर्ध्यापर्यंत, कालची फुलं गुलाबी पडून उभी होती आणि प्रत्येकाच्या देठाला हिरवा दोरा होता. एक बाई दुसरीची ओळ फुकटात करेल, हे त्या माणसाच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. शिरणार कुठून?

"हा दोरा जनकाचा. फूल कालचं. माह्यी ओळ करता करता मेली ते, साहेब. अन् हा म्हणते, झाडाखाली बसली होती!"

मागून एक बाई हळूच म्हणाली, "हाव, आम्ही बी पाह्यलं तिले ओळीत."

हवालदारानं कागद मांडीवर घेतला. "मयताशी तुमचं नातं काय?"

"मैतरीण."

"तसं नातं नसते लिहायचं, बाई. ओळखीची म्हणून लिहितो."

"ओळखीची नाही!" सलोमीबाई कडाडली. "मैतरीण लिहा. नाही लिहिलं तं मी सही करत नाही."

त्यानं लिहिलं. सलोमीबाईनं कागद हातात घेतला, तो शब्द नीट वाचला आणि मग खाली सही केली.