तीनच्या गाडीची पाटी

नव्वदच्या दशकात मी इंदापूरहून पुण्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. बातम्यांचं पाकीट दुपारी तीनच्या पुणे एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, ही रोजची पद्धत. त्याआधी खोलीतल्या बाकावर वीस मिनिटांची झोप मिळे. त्या झोपेत, स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न आहे हे ओळखण्याचा सराव मी करत होतो. त्यासाठी दिवसभर दिसेल ती पाटी दोनदा वाचायची. सवय लागली की स्वप्नातही वाचली जाते, आणि तिथं दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं बदलतात; मग हे स्वप्न आहे हे कळतं.

काम वाढलं की सराव सुटे. त्या आठवड्यात तो सुटला होता. अंथुर्ण्याच्या शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्याचे अर्ज दुसऱ्याच दिवशी भरायचे होते. ती बातमी पाकिटात होती. मी स्टँडवर गेलो, पाकीट दिलं, निर्धास्त झालो. जाग आली तेव्हा पाकीट उशाशीच होतं.

धावत गेलो. गाडी फाटकातून बाहेर पडत होती. मला पाहून कंडक्टरने घंटी ओढली.

"काय ओ पत्रकार, आज उशीर?"

"मला वाटलं, तुम्हाला दिलं."

"कवा?"

"स्वप्नात."

तो हसला नाही. "माझं बी तसंच हाय. झोपंत तिकिटं फाडतो. मंडळी हलवून उठवती."

बातमी सकाळी छापून आली. त्या दिवसापासून मी पाकीट देण्याआधी गाडीची पाटी दोनदा वाचू लागलो. सरावाला वेगळा वेळ लागेना. कंडक्टर हात पुढे करून थांबायचा.

"झाली का वाचून? पुणंच हाय. द्या आता."