मुद्देमालातलं मशीन

कुरुंद्यातल्या माझ्या थोरल्या साडूंइतका जगावर अविश्वास आणि कायद्यावर विश्वास असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले, पण मुद्देमालाची खोली काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. ऑनलाइन मागवलेलं पार्सल दारात आलं की दोन पंच हजर झाल्याशिवाय ते चिकटपट्टीला हात लावत नसत. एकदा मी सहज चहाला म्हणून गेलो, तर शेजारच्या गिरणीवाल्यासोबत मलाही ओट्यावर बसवलं, मोबाइलवर शूटिंग केलं आणि 'खोका चारही बाजूंनी शाबूत' असं लिहिलेल्या कागदावर माझी सही घेतली. खोक्यातून निघाली पुरणयंत्राची जाळी. चहा राहिला तो राहिलाच.

ऑनलाइन खरेदीचे नियम त्यांना तोंडपाठ. ज्या दुकानानं तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दिलेलं नाही, तिथून ते टाचणीसुद्धा घेत नसत. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत यायला हवी, म्हणून तक्रार टाकली की घड्याळाकडे बघत बसत. गाव त्यांना हसायचं, पण कुणाच्या खोक्यात मोबाइलऐवजी साबणाची वडी निघाली की पहिली धाव यांच्याकडेच असायची.

मग अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला आणि माझ्या थोरल्या मेहुणीला, कमी ऐकू यायला लागलं. दोन वर्षांत इतकं कमी झालं की हळद काढणीच्या दिवसांत मागून आलेल्या ट्रॅक्टरचा हॉर्नही तिला कळला नाही. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्या दिवसापासून साडू तिला एकटीला रस्त्यावर जाऊ देईनात. डॉक्टरांनी सांगितलेलं कानाचं मशीन त्यांनी मागवलं, पंचांसमक्ष उघडलं आणि तिच्या कानात बसवलं, तर त्यातून नुसती शिट्टी. विक्रेत्यानं कळवलं की सील फोडलेली कानाची वस्तू परत घेत नाही. यांनी उलट कळवलं की सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, नियम वाचा. वर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही दाखल केली. मशीन कापडात शिवून, लाखेचं सील मारून कपाटात गेलं.

नोटीस पोचल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला. मशीन परत द्या, आठवड्यात नवं पाठवतो, असा फोन आला. आम्हाला हायसं वाटलं आणि साडूंची झोप उडाली. "मशीन हातचं गेलं अन् त्यायनं हात वर केले, तर आयोगापुढं काय दाखवू?" असं ते मला दिवसातून तीनदा विचारत. व्हिडिओ आहे, कागद आहेत, असं मी सांगायचो. पण तारखेला मुद्देमालच गायब झाल्याची प्रकरणं त्यांनी उभी हयात पाहिली होती.

कुरिअरवाला मशीन न्यायला आला तेव्हा मी तिथंच होतो. साडू कपाटाची किल्ली मुठीत धरून उभे. देतही नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. अक्काला आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण त्या माणसाला बघून ती समजली.

"मला निकाल न्हाई पायजे," ती म्हणाली. "तुमी काय बोलून राहिले, तेवढं ऐकू आलं तरी बस."

साडूंनी लाख फोडली. मी सवयीनं सही करायला पुढं झालो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, साडूभाऊ." पावती न घेताच ते आत वळले; ती घ्या म्हणून कुरिअरवाल्यालाच त्यांना हाक मारावी लागली.

आठवडा गेला, वर चार दिवस गेले. फटफटीचा आवाज आला की साडू फाटकाशी. जेवण सुटलं. आयुष्यभर मला कलमं ऐकवणारा माणूस रोज फोन करून एवढंच विचारायचा, "येईल न्हवं?" मी येईल म्हणायचो, आणि माझी मलाच खात्री नसायची.

बाराव्या दिवशी खोका आला. शूटिंग नाही, कागद नाही, साडूंनी तो नखांनीच फाडला. मशीन अक्काच्या कानात बसवलं. तिनं डोळे मिटले.

"येऊन राहिलं ऐकू," ती म्हणाली. "बोला की."

दोन वर्षं तिच्याशी ओरडून बोलून घसा बसलेला तो माणूस नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"बोला न," ती पुन्हा म्हणाली.