फोन ठेवल्यानंतरची जाहिरात

माझी आई फोन कधीच आधी ठेवत नाही. बोलणं संपलं की "बरं, ठेव" म्हणते आणि आपण ठेवायची वाट बघते. ठेवल्यावरही तिचं लगेच संपत नाही. ज्याचा फोन असेल त्याचा फोटो स्क्रीनवर अंधार होईपर्यंत ती बघत बसते. कोल्हारच्या घरी ओट्यावर तिच्या शेजारी बसून, भावाचा फोन आल्यावर, हे मी कितीदा पाहिलंय.

तिचं ते बघणंच मी विकलं.

पुण्याच्या ज्या कंपनीत मी आहे, तिचं ॲप कुणाचा फोन येतोय ते सांगतं. फुकट आहे. लोक नाव बघतात, फोन उचलतात आणि आम्हाला विसरतात. पैसे येतात ते फक्त जाहिरातींचे. एका मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, काही काम नसताना माणूस स्क्रीनकडे केव्हा बघतो? मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं, बोलणं संपल्यावर. आईचं नाव काढलं नाही, तेवढी लाज होती. साहेबांनी खूश होऊन टेबलावर थाप मारली आणि मीही फुगले.

मग फोटोच्या जागी जाहिरात यायला लागली. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईच्या फोनमध्येही ॲप मीच घालून दिलं.

"हे कोन पाठवतं गं?" तिने विचारलं.

"आमचीच कंपनी. कुणी त्याच्यावर बोट ठेवलं की आमचा पगार निघतो," मी म्हटलं. विषय संपवायला म्हटलं, दुसरं काही नाही.

आमच्या सगळ्या जाहिराती एकाच मोठ्या कंपनीकडून येतात. तिने तोंड फिरवलं की आमची चूल बंद. एक दिवस तिने फिरवलंच. कुणीतरी खोटं खोटं दाबतंय म्हणून तिने आमचे पैसे अडवले. खरी माणसं जाहिरातीला शिव्या घालतात, प्रत्येक जाहिरात कोण दाबतं? कुठून दाबलं जातंय त्याचा ऑफिसात नकाशा लावला तर प्रवरेच्या काठावर एकच दाट ठिपका.

"बोगस टोळी आहे," साहेब म्हणाले. "कुठलं गाव हे?"

ते कोल्हार होतं, माझंच गाव; मी वहीत उगाच आकडे लिहीत बसले.

दुपारी जिन्यात जाऊन आईला फोन लावला, तर बाई खुशीत. "व्हय तर! बचत गटातल्या समद्या बायकांना तुजं ॲप घ्यायला लावलं. फोन झाला की पयलं दाबायचं, मंग कामाला लागायचं. तुज्या पगाराचं हाय म्हनल्यावर कोन न्हाई म्हनंल? ती खालच्या आळीची म्हातारी तर, कुनाचा फोन न्हाई आला की मलाच लावती, दाबायला मिळावं म्हनून."

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. ही टोळी नाही, माझी आई आणि तिच्या मैत्रिणी आहेत, हे साहेबांना सांगायला हवं होतं. आईलाही खरं सांगायला हवं होतं. दोन्ही जमलं नाही. जागेवर येऊन मी त्या सगळ्या फोनांवरच्या जाहिराती बंद केल्या. कारण काय, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी माझ्या तोंडाने "फसवणूक" म्हणाले. अडवलेले पैसे सुटले, पगार झाले, कुणीतरी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

रविवारी आईचा फोन आला. आवाज बारीक.

"आगं, ती जाहिरात यीना झाली. गटातल्या कुनालाच येत न्हाई. तुला कामावरून काढलं का?"

"नाही गं."

"खरं सांग. आमी दाबायला कमी पडलो का?"

"नाही आई. सगळं ठीक आहे. आता त्याची गरज नाही एवढंच."

"बरं, ठेव मग."

मी ठेवला की तिच्या स्क्रीनवर पुन्हा माझा फोटो येणार होता, आणि ती तो शेवटपर्यंत बघणार होती. तिने तो बघू नये असं मला वाटलं. ती तिकडे वाट बघत होती आणि मला फोन ठेववत नव्हता.