वर्गणीचा मंडप

चहाचा कप हातात आला की भाऊ आधी विचारायचे, "हा चहा कोनाचा?" निवडणुकीचे दिवस असले तर उत्तर मिळेपर्यंत कप ओठाला लागत नसे. तोवर चहा निवायचा. मग तो निवलेला चहा स्वतःच्या पैशानं प्यायचे आणि वर टपरीवाल्यालाच ऐकवायचे, "गरम देत जा गा."

असा एखादा नमुना तुमच्याही गावात असेल. आमचे भाऊ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होते. रिटायर होऊन गावी आले ते डोक्यात एक खूळ घेऊनच. निवडणुकीचा खर्च उमेदवारानं करायचा नाही, सरकारनं करायचा. आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी उभे राहून ते या मागणीवर सह्या घ्यायचे. लोक सही करायचे आणि कांद्याचा भाव विचारायचे.

माझं बिछायत केंद्र. मंडप, खुर्च्या, भोंगे भाड्यानं देतो. निवडणूक म्हणजे आमची दिवाळी. हा माणूस माझ्या पोटावर पाय देतो की काय, याचं मला भारी कुतूहल. म्हणून मुद्दाम खोड काढायचो.

"भाऊ, सरकारचा पैसा म्हणजे आपलाच ना? मंग आपण काऊन द्याचा?"

"आता कोन देऊन राह्यला?" ते म्हणाले. "मागच्या खेपी ज्या ठेकेदारानं मटन चारलं, त्याले गावतलाव भेटला. मासोळ्या त्याच्या, अन् ढिवर लोकं त्याच्याच इथी रोजीनं. ते मटन तुले फुकट वाटलं का?"

मटन मीही खाल्लं होतं. झालं होतं मात्र फक्कड.

सह्यांच्या अर्जांना वरून उत्तर आलं नाही. भाऊ म्हणाले, "सरकार देईल तवा देईल. आपन जयंतीले काय करतो? घरोघरी वर्गणी घेतो, म्हनून तो मंडप कोनाच्या बापाचा नसते. निवडणुकीतबी तसंच करून पाहू."

आणि तशी वेळ आलीच. सरपंचपदाला ढिवर मोहल्ल्यातली एक बाई उभी राहिली. तलाव ढिवर मासेमारांच्या सोसायटीकडे परत आणायचा, एवढंच तिचं म्हणणं. समोर ठेकेदाराचा सख्खा भाऊ. ती भाऊंकडे आली तेव्हा मी तिथंच होतो.

"भाऊ, पोस्टरले पैसे नाई, अन् कोनाचे घ्याचे नाई म्हनता. मंग लढू कशी?"

भाऊ पायात चप्पल घालून निघालेच. प्रत्येक घरातून सारखी वर्गणी. जास्त दिली तर परत. एकच मंडप, एकच भोंगा, दोन्ही उमेदवारांनी त्यावरूनच बोलायचं. गावासमोर ठेकेदाराच्या भावाला नाही म्हणता येईना. तहसीलचे साहेब मात्र बुचकळ्यात पडले, हा खर्च दाखवायचा कोणाच्या नावावर? भाऊंनी सांगितलं, "दोघाईच्या, निम्मा निम्मा."

मलाही उदार व्हावंसं वाटलं. म्हटलं, भाऊ, मंडप फुकट घ्या. ते कधी नव्हे ते चिडले. "फुकट देशील त मंडप तुया होते. बिल कर."

सभा मात्र बघण्यासारखी झाली. ती बाई आधी अडखळली, मग तलावावर आली आणि थांबेचना. बायका उठून ठेकेदाराच्या भावाला प्रश्न विचारत होत्या. भाऊ मागे खांबाला टेकून ऐकत होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी ठेकेदाराच्या शेतात मटन शिजलं. बाई थोडक्यात पडली.

मला वाटलं, आता भाऊ खचतील. सांत्वनाला गेलो तर ते अंगणात भाजीला पाणी घालत होते.

"लोकायनं खाल्लं ना पन मटन," मी म्हणालो.

"खाल्लं. पन पह्यले चौकात बसून खायचे, अवंदा शेतात लपून खाल्लं. लाजून राह्यले म्हंजे सुधरून राह्यले."

मी बादली भरून दिली.

पुढची निवडणूक लागली आणि भाऊ गेले. सकाळी बसल्याजागी. त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या वंदनेला आणि जेवणाला, मंडपाचा खर्च आपण करतो, असं सरपंचानं, म्हणजे ठेकेदाराच्या भावानंच, सांगून पाठवलं. भाऊंच्या बायकोनं नको म्हणून हात जोडले. मी फुकट देतो म्हटलं तर मलाही जोडले. मग ती ढिवर बाई घरोघर फिरली. सरपंचानंही सगळ्यांइतकीच वर्गणी दिली. गावकरी म्हणून माझ्या घरची मी दिली आणि बिछायतवाला म्हणून बिल घेतलं. असा व्यवहार मी जन्मात केला नव्हता, आणि मला रडू येत होतं.

बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मी खांबाची दोरी सोडायला वाकलो. मागून आवाज आला, "राहू द्या ना वो भाऊ."

ढिवर बाई होती. ती पुन्हा उभी राहणार होती. तिच्यामागे मोहल्ल्यातल्या बायका, आणि त्यांच्यात भाऊंची बायको.

"मंडप सभेपर्यंत राहू द्या," भाऊंची बायको म्हणाली. "भाडं आमी जमा करून राह्यलो. सरपंचालेबी निरोप धाडला, इथीच बोलाले ये म्हनून."

मी दोरीला आणखी एक गाठ मारली.